मीठ वर, चटणी डावीकडं

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

कामं आवरून रेडिओ लावलाय, तर आज आम्ही बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज जेवणाबद्दल बोलू. पदार्थ कसा करायचा ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं येतं. समोर वाढलेलं ताट दिसत नसेल, तर त्यातला घास कसा तोडायचा, तुकडा कसा करायचा आणि वाढणारीनं काय करायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

हा विषय आमच्याकडं आला तो आमच्या एका चुकीमुळं. आधी ती चूक सांगतो.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. ‘नाव सांगू नका, बाकी सगळं खुशाल सांगा,’ असं त्यांनीच सांगितलंय. वय साठीच्या पुढं. गट सुरू झाला तेव्हापासूनच्या सभासद. बरीच वर्षं शुगर आहे. शुगरनं डोळ्याचा पडदा खराब होत गेला आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता एका डोळ्याला काहीच दिसत नाही, दुसऱ्याला नुसता उजेड आणि अंधार कळतो.

गटाच्या वर्धापनदिनाला आम्ही मटणाचा बेत केला होता. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, भात. मावशींना सुनेनं आणून सोडलं. आम्हाला वाटलं, यांना दिसत नाही, त्रास नको. म्हणून आम्हीच हाडकं काढली, भाकरी कुस्करली, त्यावर रस्सा ओतला, सगळं एका वाडग्यात कालवून त्यांच्या पुढं ठेवलं. वर एकजण चमचा घेऊन भरवायला बसली. आम्हाला आपलं फार कौतुक वाटत होतं. मावशी म्हणाल्या, ‘‘मला भूक न्हाई. घरनं खाऊन आलोय.’’

तासाभरानं त्यांना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. आमच्यातल्या आशाताईंनी लगेच ओळखलं. मावशी घरनं निघताना शुगरची गोळी घेऊन आल्या होत्या आणि पोटात मात्र काही नव्हतं. शुद्धीवर होत्या म्हणून साखरेचं पाणी दिलं. थोड्या वेळानं सावरल्या. मग चहा-बिस्किट घेतलं. शुगरची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली येते, जिवावर बेतू शकतं. त्या दिवशी थोडक्यात निभावलं.

दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ‘‘मावशी, खरंच जेवून आला होता का?’’ त्या गप्प. मग म्हणाल्या, ‘‘चारचौघीत तोंड उघडून बसायचं आनि दुसरीनं घास घालायचा? मी काय बारकं पोरगं हाय व्हय? त्यापरीस उपाशी बरं.’’ मग एकेक बाहेर आलं. घरात सगळ्यांचं झाल्यावर त्या एकट्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जेवायच्या. आमटी सांडायची, पातळावर डाग पडायचे, म्हणून आमटी बंद केली. तुकडा तोडताना भाजी ताटाबाहेर जायची, म्हणून भाजी बंद केली. नुसता दहीभात चालला होता, तोही शुगर असताना. वाळल्या होत्या. गटात येणं कमी झालं होतं ते दिसत नाही म्हणून नव्हे, बैठकीत चहा-पोहे असतात म्हणून.

म्हणजे बघा, माणूस पंगतीतनं उठतं ते असं.

मग आम्ही शोध घेतला आणि अंधशाळेत शिकवणाऱ्या एक ताई बैठकीला आल्या. त्यांना स्वतःला जन्मापासून दिसत नाही. त्यांनी सांगितलं की दिसेनासं झाल्यावर रोजची कामं नव्यानं शिकता येतात आणि हे शिकवण्याचं एक शास्त्रच आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडचे पुष्कळ सैनिक आंधळे होऊन परतले. त्यांच्यासाठी १९१५ साली लंडनमध्ये ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था निघाली. ती काढणारे आर्थर पिअरसन हे वर्तमानपत्रांचे मालक होते, आणि काचबिंदूनं त्यांची स्वतःची नजर गेली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, आपल्याकडं डेहराडूनला अशा जवानांसाठी तसंच वसतिगृह निघालं. त्या लढाईत आपल्या कोल्हापूर-साताऱ्याकडचेही पुष्कळ जवान होते. डेहराडूनची आजची दृष्टिबाधितांची राष्ट्रीय संस्था त्याच वसतिगृहातनं वाढली. पुढं १९५२ साली मुंबईत ‘नॅब’ म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड स्थापन झाली. तेव्हा मावशींची अडचण काही जगावेगळी नव्हती. तिच्यावर शंभर वर्षांपूर्वीपासून उपाय सापडत आलेत, ते आपल्या वस्तीपर्यंत पोचले नव्हते इतकंच.

आता एकेक गोष्ट सांगतो. सावकाश ऐका.

पहिलं बसणं. टेबल असो, चौरंग असो, ताट अगदी जवळ पाहिजे. छाती ताटाच्या कडेशी आली की घास सांडला तरी ताटातच सांडतो. ताट शोधायला हात हवेतनं न्यायचा नाही. बोटं थोडी मुडपून, हाताची मागची बाजू पुढं करून, चौरंगावरनं सरकत न्यायची. ग्लास लागला तरी तो ढकलला जातो, कलंडत नाही. ताटाची कड लागली की दोन्ही हातांनी कडेवरनं एक फेरी मारायची. वाटी कुठं आहे, ग्लास कुठं आहे, कळतं. वाटीला बाहेरनं हात लावायचा, आत बोट घालायचं नाही. गरम आहे का गार, ते बाहेरनंच समजतं.

दुसरं, ताटाचा नकाशा. ताईंनी घड्याळाची रीत सांगितली. ताट म्हणजे घड्याळ. आपल्यासमोर, लांबच्या टोकाला बारा. आपल्या पोटाजवळ सहा. उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. वाढणारीनं सांगायचं, ‘भाजी तीनवर, भात सहावर, चटणी नऊवर.’ जगभर हीच पद्धत शिकवतात.

हे ऐकून मावशी हसल्या. म्हणाल्या, ‘‘घड्याळ कशाला पायजे? मीठ वर, चटणी डावीकडं, भाजी उजवीकडं. माझ्या आईनं मला वाढायला शिकवलं तवाच सांगितलंय की.’’ आम्ही सगळ्या एकमेकींकडं बघत राहिलो. खरंच की! आपल्याकडं ताट वाढायची रीतच अशी आहे. मीठ वर मधोमध, शेजारी लिंबाची फोड. डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडं भाजी, आमटीची वाटी. मध्ये आपल्याजवळ भात. आपल्या आयाआज्यांनी नकाशा काढूनच ठेवलाय. तो आपणच घाईत मोडतो, आणि जिकडं जागा दिसेल तिकडं डाव मारतो. ताईसुद्धा म्हणाल्या, ‘‘मग तुमचं घड्याळ माझ्यापेक्षा जुनं आहे.’’

तेव्हा ज्यांना घड्याळ सोपं वाटतं त्यांनी घड्याळ वापरा, ज्यांना रीत सोपी त्यांनी रीत. पण एकदा ठरलं की रोज तेच. मटणाच्या दिवशी तांबडा रस्सा उजवीकडं असेल तर कायम उजवीकडं. तांबडा आणि पांढरा दोन्ही वाट्यांत, रंग तर दिसत नाही. वासानं कळतं, पण तांबडा मोठ्या वाटीत आणि पांढरा लहान वाटीत दिला तर हातालाच समजतं.

तिसरं, तुकडा करणं. इथंच बहुतेकजणींचं अडतं.

भाकरी आख्खी वाढली की ती ताटावर पसरते. खाली भाजी गेली, वर हात गेला, सगळा गोंधळ. म्हणून चतकोर वाढायची. संपली की पुन्हा चतकोर. चतकोरला दोन सरळ बाजू असतात, कोपरा बोटाला लगेच लागतो. मधल्या बोटानं दाबून धरायची, अंगठा आणि पहिल्या बोटानं कोपऱ्याकडनं तुकडा तोडायचा. तुकडा भाजीवर न्यायचा तो वरनं टाकायचा नाही. ताटाच्या कडेकडनं आत सरकवायचा. भाजी कडेला अडते आणि तुकड्यात येते. ताटाला उभी कड असली तर हे काम निम्मं सोपं होतं. सपाट प्लेट नको, काठाचं ताट द्या.

इडली, थालीपीठ, उत्तप्पा, ऑम्लेट असल्या मऊ पदार्थाला चमचा पुरतो. चमच्याच्या टोकानं पदार्थाची कड शोधायची. कडेपासून एक बोट आत यायचं. चमचा उभा धरून सरळ खाली दाबायचा, ताटाला टेकला की थोडा बाजूला ओढायचा. तुकडा सुटतो. मग चमचा त्याच्या खाली घालून उचलायचा. चमचा जड लागला तर घास मोठा आहे, परत ठेवून अर्धा करायचा. अगदी हलका लागला तर रिकामा आहे. रिकामा चमचा तोंडात गेला म्हणून लाजायचं नाही. आपणही टीव्ही बघत जेवताना किती वेळा रिकामा घास घेतो!

हॉटेलात किंवा लेकाच्या साहेबाकडं काटा-सुरी आली तर तीही जमते. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. सुरीची धार बोट लावून बघायची नाही. मुठीवरनं आणि पात्याच्या जाड पाठीवरनं धार कुठं आहे ते ओळखायचं. काट्यानं पदार्थाची कड शोधायची आणि कडेपासून बोटभर आत काटा रोवायचा. आता सुरी काट्याला टेकवायची आणि काट्याच्या पलीकडून, पदार्थाच्या मधल्या बाजूनं, पुढं-मागं चालवायची. काटा हीच खूण, सुरीला शोधत बसावं लागत नाही. चिरून झालं की तुकडा काट्यावरच असतो. हळूच उचलून बघायचं. सगळा पदार्थ वर आला तर एखादी शीर राहिली आहे, परत सुरी फिरवायची. एका वेळी एकच तुकडा करायचा. सुरी खाली ठेवताना ताटाच्या कडेवर, धार आत करून, रोज त्याच जागी.

हाडाच्या मटणाला मात्र आपला हातच बरा. दोन्ही हातांनी नळी चाचपायची, मांस कुठं सुटतंय ते बोटांना कळतं. हाडकं टाकायला डावीकडं एक वाटी द्यायची आणि ती दिल्याचं सांगायचं. मासा असेल तर मधला काटा काढल्यावरही प्रत्येक घास बोटांत दाबून बघायचा. ताई म्हणाल्या, ‘‘काट्या-चमच्यानं खाणाऱ्या देशांतल्या अंधांना जे अवघड जातं, ते आपल्याला हातानं खाताना निम्मं सोपं आहे. बोटं चाचपतात, मोजतात आणि घासही उचलतात.’’ रश्श्याचं तर कोल्हापूरकरांना शिकवायलाच नको. पांढरा वाटी तोंडाला लावूनच प्यायचा असतो!

भाताची शेवटची शितं गोळा करायला भाकरीचा तुकडा डाव्या हातात आडवा धरायचा, भिंतीसारखा, आणि उजव्या हातानं भात त्याच्याकडं आणायचा. मीठ सरळ ताटात शिंपडायचं नाही, आधी तळहातावर घ्यायचं, अंदाज येतो. गार पाणी ओतताना तांब्याची कड ग्लासच्या कडेला टेकवायची आणि एक बोट ग्लासच्या आत अडकवायचं. पाणी बोटाला लागलं की थांबायचं. चहाला मात्र हे करायचं नाही. चहा दुसऱ्यानं ओतून द्यावा, कप अर्धाच भरावा आणि कान कुठल्या बाजूला आहे ते सांगावं.

एक सावधगिरी. शुगरवाल्यांच्या हातापायांना कधीकधी बधिरपणा येतो. बोटांना मुंग्या येत असतील, गरम-गार नीट कळत नसेल, तर गरम वाटी चाचपणं आणि सुरी वापरणं टाळा. त्यांना जेवण कोमट करून द्या आणि डॉक्टरांना हा बधिरपणा जरूर सांगा. आमच्या मावशींची बोटं सुदैवानं चांगली आहेत.

ज्यांना थोडं दिसतं, त्यांच्यासाठी रंगाचा फरक करा. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही. गडद रंगाच्या ताटात तोच भात उठून दिसतो. ताटाखाली वेगळ्या रंगाचं कापड घाला. उजेड समोरनं डोळ्यांवर नको, मागनं किंवा बाजूनं ताटावर पडू दे.

आता वाढणाऱ्यांसाठी. खरं तर हे भाषण त्यांच्यासाठीच जास्त आहे.

बोलून वाढा. ‘इथं ठेवलंय’, ‘ते बघा तिकडं’ म्हणू नका. ‘उजव्या वाटीत आमटी आहे, गरम आहे,’ असं म्हणा. पुन्हा वाढताना सांगा, नाहीतर संपत आलेली आमटी अचानक वाढलेली असते आणि हात बुडतो. न सांगता ताट फिरवू नका, वाटी हलवू नका. तुमच्या घरातली भांडी रात्रीत कुणी हलवली तर सकाळी तुमचं जे होईल, तेच त्यांचं होतं. आणि जे विचारायचं ते त्यांना विचारा. शेजारी बसलेल्या सुनेला ‘यांना अजून भात पाहिजे का?’ असं विचारू नका. त्यांना दिसत नाही, ऐकू येतं.

मदत करायची असेल तर आधी विचारा, ‘तुकडे करून देऊ, का तुम्ही करता?’ कधी त्या हो म्हणतील, कधी नाही म्हणतील. दोन्ही बरोबर. नव्या हॉटेलात, घाईत, थकल्यावर तुकडे करून घेण्यात काही कमीपणा नाही. कमीपणा वाटतो तो न विचारता केल्यावर. लग्नातल्या बुफेला तर विचारायलाच पाहिजे. उभ्यानं, एका हातात प्लेट धरून, दिसणाऱ्यांचीही तारांबळ उडते. अशा वेळी खुर्ची द्या, काय काय पदार्थ आहेत ते सांगा, त्या सांगतील ते आणून द्या आणि पातळ पदार्थ वेगळ्या वाटीत द्या.

ताई गेल्यावर आम्ही एक प्रयोग केला. बाराजणींनी डोळ्यांना ओढण्या बांधल्या आणि जेवायला बसलो. पहिली पाच मिनिटं नुसता हशा. कुणाचं बोट लोणच्यात, कुणाची भाकरी शेजारणीच्या ताटात. मग हळूहळू सगळ्या गप्प झाल्या. एकजण म्हणाली, ‘‘कुणी बघतंय का आपल्याकडं, असंच सारखं वाटतंय.’’ मावशी म्हणाल्या, ‘‘मला आठ म्हयनं त्येच वाटत हुतं.’’ पण त्यांनी आम्हाला आणखी एक सांगितलं, ते महत्त्वाचं आहे. ‘‘तुमचा हा पयला दिवस हाय. पयला दिवस लई वाईट. माझं आता तसं न्हाई.’’ म्हणजे ओढणी बांधून जे कळलं, ती न दिसण्याची सुरुवात होती. सरावानं माणूस कुठं पोचतं, ते ओढणी बांधून कळत नाही.

सराव मावशींनी कसा केला? एकदम सगळं नाही. पहिले आठ दिवस घरात, सकाळच्या जेवणाला, फक्त भाकरी आणि घट्ट पिठलं. मग सुकी भाजी. मग आमटीची वाटी. सांडलं तर सांडू दे म्हणून मांडीवर टॉवेल. सुनेला एकच काम दिलं होतं, रोज त्याच जागी वाढायचं आणि तोंडानं सांगायचं. सूनबाई म्हणतात, ‘‘भरवण्यापेक्षा हे सोपं. मीपण त्यांच्याबरोबरच जेवायला बसते आता.’’

दोन गोष्टी जाता जाता. ज्यांना शुगर आहे, त्यांनी नजर चांगली असली तरी वर्षातनं एकदा डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्या. सुरुवातीला काही दुखत नाही, काही कळत नाही, आणि वेळेत उपचार झाले तर नजर वाचू शकते. आणि ज्यांची नजर गेली किंवा खूप कमी झाली आहे, त्यांनी दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात पूर्ण अंधत्व आहे आणि कमी दृष्टीही आहे. कागदपत्रांसाठी आम्ही बरोबर येतो, बैठकीत सांगा.

मैत्रिणींनो, आपण राजर्षी शाहू महाराजांच्या गावचे. गंगाराम कांबळ्यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा तो काळ होता. महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. कुणाबरोबर बसून खातो-पितो, याला किती अर्थ असतो, हे या गावाला सांगायला नको. पंगतीतनं कुणी उठून कोपऱ्यात गेलं असेल, तर त्याला परत आणणं आपल्याच हातात आहे.

यंदाच्या वर्धापनदिनाला पुन्हा मटणाचाच बेत होता. मावशी मधोमध बसल्या. नवी सभासद वाढायला आली, तिनं आख्खी भाकरी पुढं केली. मावशी म्हणाल्या, ‘‘चतकोर घाल बाई, आनि तांबडा कुठल्या हाताला ठिवलास त्ये सांग.’’ तिनं सांगितलं. मावशी जेवल्या. पांढऱ्याची वाटी दोनदा रिकामी केली. पातळावर एक डाग पडला. आमच्या पातळांवर चार होते.

आज रात्री घरात कुणाला कमी दिसत असेल, तर ताट वाढताना एवढंच करा. मीठ वर, चटणी डावीकडं, भाजी उजवीकडं, आणि तोंडानं सांगा. मग त्यांच्या शेजारी आपलंही ताट घेऊन बसा.